ऋतू बदलला की भाजीपाल्यावर कीड येते कुठून? चार वर्षांच्या वहीतून पडलेले प्रश्न

पानामागे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होता. गेली चार वर्षं मी टोमॅटो, वांगी, भेंडी आणि कोबी या पिकांवरच्या किडी दर आठवड्याला मोजून वहीत लिहिते. वार ठरलेला, वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. प्रत्येक वाफ्यातली वीस झाडं घ्यायची आणि प्रत्येक झाडाची तीन पानं पाहायची: एक शेंड्याजवळचं, एक मधलं, एक खालचं. पान अलगद उलटून मागची बाजू बघायची, कारण सगळं तिथेच असतं.

सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षांत एक वेळापत्रक हाती लागेल. थंडीत मावा, ऊन तापलं की पानांचा रस शोषणारा बारीक कोळी, पावसाने ओढ दिली की फुलकिडे. ढोबळ मानाने ते खरंही निघालं. पण आठवडे जुळत नाहीत. पांढऱ्या माशीचा कळस एका वर्षी आला त्यापेक्षा पुढच्या वर्षी तीन आठवडे आधी आला. लागवडीची तारीख जवळपास तीच, वाणही तोच.

आणखी दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. एक, पिवळ्या चिकट सापळ्यावरचा आकडा आणि पानामागचा आकडा एकमेकांशी भांडतात. सापळा रिकामा असतो तेव्हा पानं भरलेली, आणि सापळा भरतो तोवर पिकाचं व्हायचं ते होऊन गेलेलं. दुसरं, जोराचा पाऊस झाला की फुलकिडे जवळजवळ शून्यावर येतात. मग आठ-दहा दिवसांत पुन्हा जैसे थे. मधल्या काळात ते असतात कुठे?

ज्यांनी स्वतः मोजलंय, पाहिलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फवारणीचं औषध कुठलं, हा या धाग्याचा विषय नाही.

रानवाट

ताई, वही ठेवता हे वाचूनच बरं वाटलं. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, आभाळ आलं की मावा पडतो. "पडतो" हाच शब्द. रात्री ढग, सकाळी धुकं, आणि दोन दिवसांत शेंडे काळे-हिरवे. मीही हे इतक्या वेळा पाहिलंय की खोटं म्हणवत नाही. पण ढगातून तर काही पडत नाही. मग हे होतं कसं?

कीटकवही

रानवाट, "पडतो" यात अर्धं सत्य आहे. माव्याच्या पंखवाल्या माद्या खरोखरच वरून उतरतात. वारा मंद असला की त्यांना उडून उतरायला सोपं जातं. पण त्या उतरतात मोजक्या. एका झाडावर एक किंवा दोन, त्या कुणाच्या नजरेला पडत नाहीत. आपल्याला दिसतो तो त्यांचा गोतावळा.

माव्याची मादी नराशिवाय प्रजनन करते आणि अंडी न घालता थेट पिल्लं देते. त्या पिल्लाच्या पोटात त्याची पिल्लं जन्माआधीच आकार घेऊ लागलेली असतात, म्हणजे आजी, आई आणि नात एकाच शरीरात. वीस-बावीस अंशांच्या सुखाच्या हवेत पिल्लू साधारण आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं. ढगाळ दिवसांत दुपारचं तापमान फार चढत नाही, आणि असं हवामान आठवडाभर टिकलं तर माव्याची चंगळ होते. तुम्ही ज्याला "दोन दिवसांत" म्हणता त्याची सुरुवात दोन आठवडे आधी झालेली असते. शेवटच्या एक-दोन पिढ्यांचा आकडाच एवढा मोठा असतो की सगळं एका रात्रीत झाल्यासारखं वाटतं.

थोडक्यात, आभाळ मावा आणत नाही. आधीच बसलेल्या माव्याला ते मोकळीक देतं.

पानामागच्या ताईंचा पांढऱ्या माशीचा प्रश्न मोठा आहे, त्यावर संध्याकाळी निवांत लिहितो.

पानामागे

"आजी, आई आणि नात एकाच शरीरात" हे वाचून थांबलेच. वही पुन्हा उघडली. दुसऱ्या वर्षी कोबीवर मावा "अचानक" वाढला असं मी लिहून ठेवलंय. त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांच्या पानांवर "एखादा मावा, दुर्लक्ष" अशी नोंद आहे, माझ्याच अक्षरात.

कीटकवही

लिहितो म्हटलं होतं, तर आता पांढरी माशी.

किडीला आपलं कॅलेंडर कळत नाही, तिला उष्णता कळते. कीटकाचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. ठरावीक तापमानाच्या खाली त्याची वाढ थांबते, त्याच्या वर जितके अंश मिळतील तितकी वाढ पुढे सरकते. तापमानाची अशी बेरीज करण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या रेओम्युरने १७३५ मध्ये ती मांडली. आज तिला उष्णता-एकक किंवा अंश-दिवस म्हणतात.

गणित घरी करता येतं. दिवसाचं कमाल आणि किमान यांची सरासरी काढा, त्यातून किमान मर्यादा वजा करा. समजण्यासाठी एक काल्पनिक कीड घेऊ: तिची मर्यादा १० अंश, आणि अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत तिला ३०० एकक लागतात. सरासरी १५ अंश असेल तर रोज ५ एकक जमतात, पिढी पूर्ण व्हायला ६० दिवस. सरासरी २० झाली तर ३० दिवस. २५ झाली तर २० दिवस. सरासरी दहा अंशांनी चढली आणि पिढीचा काळ एक तृतीयांशावर आला. पांढऱ्या माशीचे खरे आकडे याच्या फार दूर नाहीत. उबदार हवेत तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत होते, थंडीत महिन्याच्या वर जाते.

आता तुमचे तीन आठवडे. ज्या वर्षी थंडी लवकर सरली त्या वर्षी माशीला हंगामात एक पिढी जास्त मिळाली असेल. एक पिढी म्हणजे आकडा कितीतरी पट. वहीत तारखेशेजारी कमाल-किमान तापमान लिहिलंय का?

सांजवारा

मला वाटायचं दुपारचं ऊनच महत्त्वाचं. रात्रीच्या तापमानानेही फरक पडतो का?

कीटकवही

पडतो, आणि लोक नेमकं तेच विसरतात. वरच्याच गणितात कमाल ३० ठेवा. किमान १० असेल तर सरासरी २०, पिढी ३० दिवसांची. किमान १८ झालं तर सरासरी २४, रोजचे १४ एकक, पिढी जेमतेम २१-२२ दिवसांची. दुपार तीच, फक्त रात्री उबदार झाल्या. म्हणून "यंदा थंडी म्हणावी तशी पडली नाही" हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारतो.

याला वरूनही मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. ३५ अंशांच्या वर अनेक किडींची वाढ मंदावते आणि पिल्लं मरू लागतात. मावा तर तिशीतच हैराण होतो. त्यामुळे "तापमान वाढलं की कीड वाढते" हे सरसकट विधान चूक. कडक उन्हाळ्यात मावा ओसरतो आणि त्याची जागा कोळी घेतो.

आणखी एक. हवामान केंद्राचं तापमान आणि पानामागचं तापमान एकच नसतं. पाणी भरपूर असलेल्या पिकाची पानं बाष्प सोडून स्वतःला गार ठेवतात. ताण पडलेल्या पिकाचं पान तापतं.

मृदगंध

पावसाचा प्रश्न मी घेतो, माझा वीस वर्षांचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

फुलकिडे वेगवेगळ्या ठिकाणी वाटलेले असतात हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं. अंडी पानाच्या पेशींमध्ये खुपसलेली. पिल्लं आणि प्रौढ पानावर, फुलात, शेंड्याच्या घडीत. आणि कोषासारखी अवस्था झाडावर नसतेच, ती खाली मातीत किंवा पालापाचोळ्यात असते. पाऊस आला की पानावरचे धुऊन जातात. ताई, तुम्ही मोजता ते फक्त तेवढेच. पानाच्या आतली अंडी पावसाला दाद देत नाहीत, ती चार-पाच दिवसांत फुटतात. मातीतले जे वाचतात ते वर येतात. आठवडाभरात झाड पुन्हा भरतं.

पाऊस कसा पडला यावर पुढचं ठरतं. एक जोरदार सर येऊन लख्ख ऊन पडलं तर पिकाला फुलकिड्यांपासून फक्त थोडी उसंत मिळते. चार-सहा दिवस लागून राहिला, माती चिखल झाली, तर खालचे कोषही मरतात आणि मग खरी घट दिसते. म्हणून वहीत नुसते मिलिमीटर न लिहिता पाऊस किती दिवस लागून होता तेही लिहा.

कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचंही असंच आहे. त्याच्या लहान अळ्या पावसाच्या थेंबांनी पानावरून पडून मरतात. हवाई बेटांवर वॉटरक्रेस या पालेभाजीत तुषार सिंचनाने या पतंगाचा उपद्रव कमी होतो, हे १९८० च्या दशकातच दाखवून दिलं गेलं. एरवी हा पतंग औषधांना जुमानत नाही. डीडीटीला तो दाद देत नसल्याचं जावा बेटावर १९५३ मध्येच नोंदलं गेलं होतं, आणि अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूच्या फवारणीला शेतात प्रतिकार दाखवणारी पहिली कीडही हीच. रसायनाला न बधणारी अळी पाण्याच्या थेंबाने पडते, याचं मला अजून नवल वाटतं.

सांजवारा

कोळी हा कीटकच नाही ना?

मृदगंध

नाही. आठ पाय, कोळ्यांच्या कुळातला. पण भाजीपाल्यात त्याला वगळून चालत नाही. तिशीच्या वरच्या कोरड्या हवेत तो आठ-दहा दिवसांत पिढी संपवतो. पानावर धूळ बसली की त्याचं फावतं, म्हणून रस्त्याकडेच्या ओळी आधी जातात. तो कपड्यांना लागून पसरतो, तेव्हा कोळी लागलेल्या भागातलं काम दिवसाच्या शेवटी करावं.

ओलावा

इतका वेळ नुसती वाचत होते. हवामान, हवामान चाललंय, पण किडींना खाणाऱ्या मित्रकिडींचं काय? ढालकिडा, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या, माव्याला आतून पोखरणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. यांचाही ऋतू असतो, आणि तो किडीच्या मागून येतो.

ढालकिड्याची मादी मावा असेल तिथेच अंडी घालते. त्यांतून अळी येऊन नवा किडा तयार व्हायला तीन आठवडे सहज जातात. माव्याची पिढी आठ-दहा दिवसांची. मधल्या दोन आठवड्यांत मावा सुसाट पुढे असतो आणि मित्रकिडी कुठेच दिसत नाहीत. नेमक्या याच दोन आठवड्यांत आपला धीर सुटतो. फवारणी होते, मावा बराचसा मरतो, ढालकिड्याच्या कोवळ्या अळ्या सगळ्याच मरतात. पुढच्या फेरीत माव्याला अडवायला कुणीच उरत नाही. कोळ्याच्या बाबतीत तर हे नेहमीचंच. काही औषधं त्याला खाणारे भक्षक कोळी साफ मारतात, आणि फवारणीनंतर कोळी आधीपेक्षा जास्त वाढतो.

माझ्या एका वांग्याच्या प्लॉटमध्ये मी हेच केलं होतं. कळसाच्या आधी दहा दिवस घाई केली आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला पंप पाठीवर घेतला. त्या रोपांची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

वहीत एक रकाना मित्रकिडींचा करा, ताई. माव्याच्या घोळक्यात फुगलेले, बदामी रंगाचे, न हलणारे मावे दिसले तर ते वेगळे मोजा. ते आतून खाल्लेले असतात.

रानवाट

ओलावाताई, पण धीर किती धरायचा? पीक हातचं गेल्यावर मित्रकिडी येऊन काय उपयोग?

ओलावा

प्रश्न रास्त आहे. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न आकड्यात पकडला. नुकसान खर्चापेक्षा मोठं होण्याच्या जरा आधीची पातळी ठरवा, तिथवर थांबा. आपण जिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतो ती तिथून आली. माझं मत असं की त्या पातळीसोबत कल पाहावा. दोन आठवड्यांत आकडा दुप्पट झाला आणि मित्रकिडी शून्य, तर थांबू नका. आकडा तोच पण वाढ मंदावलीय, बदामी मावे वाढताहेत, तर आठवडाभर थांबा. एका दिवसाच्या मोजणीवरून हे कळत नाही, म्हणून वही लागते.

पाणकळा

इथे मला अडवावंसं वाटतं. पातळी, कल हे सगळं रस शोषून होणाऱ्या नुकसानीसाठी ठीक. रोग पसरवणाऱ्या किडीला ते लागू करू नका. टोमॅटोचा पर्णगुच्छ, भेंडीचा केवडा, हे विषाणू पांढरी माशी वाहते. रोप लहान असताना थोड्या माश्याही पुरेशा. कळसाला शेकडो माश्या असतात, पण तेव्हा झाड मोठं झालेलं असतं आणि तितकं बिघडत नाही. म्हणजे सगळ्यात धोक्याचा काळ हा आकडा सगळ्यात कमी असतानाचा. रोपवाटिकेला बारीक जाळी आणि लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहणं, याला पर्याय नाही.

काकडीवर्गातल्या मोझॅकचं आणखी वेगळं. तो विषाणू पंखवाला मावा नुसतं सोंड टोचून, काही सेकंदांत देऊन जातो. तो मावा तिथे वस्तीही करत नाही. पानामागे मोजलंत तर शून्य येईल. तिथे जमिनीवरचं चंदेरी आच्छादन कामाला येतं, कारण परावर्तित उजेडामुळे मावा उतरायलाच बिचकतो.

फुलकिडे टोमॅटोवरचा करपल्यासारखा ठिपक्यांचा विषाणू वाहतात, त्यातली गंमत अशी की तो फक्त पिल्लू असताना शरीरात घेतला तरच पुढे पसरवता येतो. प्रौढ फुलकिडा रोगट झाडावर कितीही बसला तरी वाहक होत नाही. म्हणून ज्या तणांवर फुलकिड्यांची पिल्लं वाढतात ती तणं काढणं महत्त्वाचं.

पानामागे

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकळा, तुमचा मुद्दा माझ्या वहीच्या मुळावरच आला. मी कमी आकड्याचे आठवडे घाईत उरकत होते.

आता एक उरलं: बिगरहंगामात ही मंडळी जातात कुठे?

मृदगंध

बरीचशी कुठेच जात नाहीत. बांधावरची तणं, कुंपणाच्या वेली, आणि सगळ्यात मोठा आसरा म्हणजे तोडे संपल्यावर तसंच उभं ठेवलेलं जुनं पीक. शेवटच्या फळांसाठी पंधरा दिवस जास्त ठेवलेला टोमॅटो शेजारच्या नव्या लागवडीला पांढरी माशी पुरवत राहतो. आणि उपटलात की त्यावरचे सगळे प्रौढ एकदम उडून कोवळ्या रोपांवर जातात. आधी जुनं संपवा, मधे खंड पडू द्या, मग नवं लावा. शक्य असेल तर नवा प्लॉट वाऱ्याच्या वरच्या बाजूला.

काही मात्र खरोखर झोपतात. फळ पोखरणारी घाटेअळी दिवस लहान आणि हवा गार झाली की मातीत कोषावस्थेत थांबू शकते आणि ऊब आल्यावर पतंग होऊन बाहेर येते. अशा कोषांसाठी हंगामानंतरची खोल नांगरट उपयोगी. वेलवर्गातली फळमाशीही मातीत कोष करते, पण तिचे प्रौढ दीर्घकाळ जगतात. किडकी फळं शेतातच टाकणं म्हणजे पुढची पिढी स्वतः पेरणं.

कीटकवही

सापळ्यांबद्दल उत्तर द्यायचं राहिलं. चिकट सापळा उडणारे प्रौढ मोजतो, तुमचं पान पिल्लं मोजतं. दोन्ही खरे, पण वेगवेगळ्या वेळेचे. फळमाशीला वासाने खेचणाऱ्या क्यू-ल्युअर सापळ्यात तर फक्त नर येतात, फळाला डंख मारणाऱ्या माद्या बाहेरच राहतात. वारा, गारवा यांनी उडणं कमी होतं, सापळा रिकामा दिसतो, कीड तेवढीच असते.

तुमची तीन पानांची पद्धत इथे फार मोलाची आहे. पांढरी माशी अंडी कोवळ्या पानावर घालते. पिल्लू एकदा बसलं की हलत नाही, झाड मात्र वर वाढत राहतं. म्हणून वरच्या पानावर अंडी, मधल्यावर पिल्लं, खालच्यावर कोष, अशी उतरंड दिसते. तिन्ही आकड्यांची बेरीज करू नका, वेगळे ठेवा. खालचं पान कोषांनी भरलं की थोड्याच दिवसांत सापळा भरणार.

पानामागे

तीन महिन्यांनी परत येतेय. आकडे वेगळे ठेवायला लागले, रोज कमाल-किमान लिहिलं, मित्रकिडींचा रकाना काढला. टोमॅटोच्या दुसऱ्या लागवडीत सहाव्या आठवड्यात खालच्या पानांवर पांढऱ्या माशीचे कोष दाट दिसले. सापळा अजून स्वच्छ होता. पूर्वी मला हे कळलंच नसतं.

पंप भरून ठेवला होता. सकाळी भिंग घेऊन बसले, तर बऱ्याचशा रिकाम्या कोषांवर गोल भोक होतं. ते माशी निघाल्याचं आहे की दुसऱ्या कशाचं?

ओलावा

ताई, पांढरी माशी कोषातून निघते तेव्हा इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते. गोल भोक पाडून निघते ती तिला आतून खाणारी इवलीशी गांधीलमाशी. किती गोल, किती चिरा, मोजलंत?

पानामागे

आज मोजले. वीस पानांवर गोल भोकं चिरांपेक्षा स्पष्ट जास्त आहेत. वरच्या कोवळ्या पानांवर नवी अंडी मागच्या आठवड्याहून कमी आहेत. झाडं फळावर आलीत, पर्णगुच्छाचं एकही झाड नाही. पंप रिकामा करून ठेवला. गुरुवारी पुन्हा मोजून इथेच लिहिते.

रानवाट

गुरुवारची वाट पाहतोय. मीही आजपासून वही केलीय, भेंडीपासून सुरुवात. पहिल्याच पानामागे तुडतुड्यांची तीन पिल्लं, तिरकी पळणारी.